शाळेचं न लिहिलेलं वाक्य

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषणाचा मजकूर)

ज्यांच्यासमोर उभं राहिलं की आजही हात आपोआप मागे बांधले जातात असे आमचे सर आणि बाई, आणि माझ्या १९९६ च्या दहावीच्या वर्गमित्र-मैत्रिणींनो,

संयोजकांचा फोन आला तेव्हा मला सांगण्यात आलं, "तू एवढी वर्षं कंपनीत आहेस, व्यवस्थापनावर पंधरा मिनिटं बोल." मी म्हटलं, मी इंजिनिअर आहे. मला प्रोग्राम लिहायला आवडतं, माणसं सांभाळणं नाइलाजाने शिकावं लागलं. त्यावर उत्तर आलं, "मग त्या नाइलाजाबद्दल बोल." म्हणून आज मी अशा एका गोष्टीबद्दल बोलणार आहे, जिची मी पहिली दहा वर्षं टिंगल केली. कंपन्यांमध्ये तिला व्हिजन स्टेटमेंट म्हणतात. आपण ध्येयवाक्य म्हणू. आपली संस्था कशासाठी आहे हे एका वाक्यात सांगणं, एवढाच त्याचा अर्थ.

हा विषय निवडण्याचं कारण आपला व्हॉट्सॲप ग्रुप आहे. गेले तीन महिने त्यावर काय चाललंय ते सगळ्यांना माहीत आहे. शाळेसाठी चार लाखांच्या आसपास निधी जमला, त्याचं काय करायचं यावर सहाशेच्या वर मेसेज झाले आणि दोघं ग्रुप सोडून गेले. कुणाला प्रवेशद्वारावर कमान हवी आहे, कुणाला रंगमंच, कुणाला गुणवंतांसाठी बक्षीस. मी स्वतः संगणक कक्षाच्या बाजूने जोरात भांडले, हेही कबूल करते. भांडणारा प्रत्येक जण शाळेवरच्या प्रेमापोटीच भांडत होता. मग जमत का नव्हतं? कारण कशासाठी, हे ठरवण्याआधीच आपण काय, यावर बोलत होतो.

आपल्या शाळेच्या दर्शनी भिंतीवर निळ्या अक्षरात एक संस्कृत वचन होतं, आठवतंय? आपण ते रोज वाचायचो. आठवीत तपासणीला आलेल्या साहेबांनी त्याचा अर्थ विचारला आणि सगळा वर्ग पायाच्या अंगठ्याने फरशी उकरायला लागला. शेवटी सर म्हणाले, "साहेब, हा भाग पुढच्या आठवड्यात घेणार आहे." (इथे सर हसतायत, म्हणजे त्यांनाही आठवतंय.)

कंपन्यांमधली ध्येयवाक्यं मला नेमकी तशीच वाटायची. स्वागतकक्षात काचेवर कोरलेली, जागतिक दर्जा, नावीन्य, उत्कृष्टता अशा शब्दांनी भरलेली. ती पुसून शेजारच्या कंपनीची लावली तरी कुणाच्या लक्षात येणार नाही. माझं मत कसं बदललं, ते सांगते.

काही वर्षांपूर्वी आमच्या चमूकडे पतसंस्थांसाठी मोबाइल ॲप बनवण्याचं काम आलं. पिग्मी एजंट रोज दुकानोदुकानी फिरून पैसे गोळा करतात. त्यांनी वहीऐवजी मोबाइलवर नोंद करायची आणि कमरेच्या छोट्या प्रिंटरवरून पावती द्यायची. आम्ही चौदा जण होतो. वर्षभर राबलो. कुणी सुंदर आलेख बनवले, कुणी संचालकांसाठी अहवाल, कुणी अंगठ्याच्या ठशाने लॉगिन. प्रत्येकाचं काम चांगलं होतं. मग आम्ही ते ॲप घेऊन एका बाजाराच्या गावी गेलो. भर बाजारात नेटवर्क गेलं आणि पडद्यावर चक्र फिरत राहिलं. दुकानदार खोळंबला, मागे गिऱ्हाईक उभं. एजंटकाकांनी शांतपणे खिशातून जुनी वही काढली, नोंद केली आणि मला म्हणाले, "ताई, तुमचं यंत्र छान आहे. पण मला या माणसाला एका मिनिटात पावती द्यायची असते. तेवढं होतं का बघा."

परतीच्या गाडीत कुणी बोललं नाही. चौदा हुशार माणसांनी वर्षभर काम केलं होतं आणि प्रत्येक जण वेगळंच ॲप बनवत होता. चूक माझी होती, कारण चमूची प्रमुख मी होते. दुसऱ्या दिवशी आम्ही फळ्यावर एकच वाक्य लिहिलं: "नेटवर्क असो वा नसो, खातेदाराला दारातच एका मिनिटात खरी पावती."

हे वाक्य लिहिल्यावर आधी कुणाचं काम गेलं असेल, तर माझंच. मी सहा महिने खपून आलेखांचा एक विभाग बनवला होता. चमूतली सगळ्यात नवी मुलगी, नोकरीला लागून चार महिने झालेली, भीतभीत म्हणाली, "मॅडम, या आलेखांमुळे ॲप उघडायला वेळ लागतो. वाक्याप्रमाणे ते इथे बसत नाहीत." मला राग आला. मग फळ्याकडे पाहिलं आणि आलेख काढून टाकले. पुढे एका वरिष्ठांनी पावतीआधी जाहिरात दाखवायची सूचना केली, तेव्हा त्याच मुलीने तेच वाक्य त्यांना वाचून दाखवलं. जाहिरात झाली नाही. त्या दिवशी मला कळलं की चांगलं वाक्य सगळ्यात धाकट्या माणसाला सगळ्यात वरच्या माणसाला "नाही" म्हणायचं बळ देतं. साहेब काय म्हणतील, हे विचारायची गरज उरत नाही. वाक्य काय म्हणतं, तेवढं बघायचं.

त्यानंतर मी हा विषय मुद्दाम वाचायला लागले. जे उदाहरण मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं, ते आपल्या देशातलंच आहे, तमिळनाडूतल्या मदुराईचं.

डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी हे सरकारी सेवेतले नेत्रतज्ज्ञ. तरुणपणी संधिवाताने त्यांच्या हातांची बोटं कायमची वाकडी झाली होती. तशा बोटांनी त्यांनी शस्त्रक्रिया शिकून घेतली आणि आयुष्यात लाखावर शस्त्रक्रिया केल्या. १९७६ साली, वयाच्या ५८ व्या वर्षी ते निवृत्त झाले आणि बहीण, मेहुणे अशा घरच्याच माणसांना सोबत घेऊन त्यांनी मदुराईत अकरा खाटांचं रुग्णालय काढलं. तेच अरविंद नेत्र रुग्णालय. आज ते डोळ्यांची देखभाल करणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या संस्थांपैकी एक आहे. त्यांचं ध्येय एका ओळीत मावतं: टाळता येण्याजोगं अंधत्व नाहीसं करायचं.

या वाक्यातला प्रत्येक शब्द काम करतो. "टाळता येण्याजोगं" म्हटल्यावर मोतीबिंदू आपोआप पहिला येतो, कारण एका छोट्या शस्त्रक्रियेने परत येणारी दृष्टी केवळ गरिबीमुळे जाणं, हेच सगळ्यात टाळता येण्याजोगं. आणि "नाहीसं करायचं" म्हटल्यावर दिवसाला चार शस्त्रक्रिया करून भागत नाही. मग त्यांनी शस्त्रक्रियागृहाची रचनाच बदलली. डॉक्टरांजवळ दोन टेबलं. एका रुग्णाची शस्त्रक्रिया चालू असताना दुसऱ्या टेबलावर पुढचा रुग्ण तयार. तयारीची आणि तपासणीची बरीचशी कामं खेड्यातून आलेल्या, तिथेच शिकून तयार झालेल्या मुलींनी करायची, म्हणजे डॉक्टरांचा वेळ फक्त डॉक्टरच करू शकतात त्या कामाला जातो.

गावोगावी शिबिरं घेऊन, मोफत शस्त्रक्रिया करू असं सांगूनही बरीच माणसं येत नव्हती. का येत नाहीत, याचा शोध घेतला तेव्हा कळलं की शस्त्रक्रिया मोफत असली तरी एसटीचं भाडं, जेवण, सोबतच्या माणसाचा बुडालेला रोज, हे मोफत नव्हतं. वाक्य जर "मोफत शस्त्रक्रिया करणे" असं असतं, तर तिथे त्यांचं काम संपलं असतं. आम्ही दार उघडं ठेवलं, तुम्हीच आला नाहीत, असं म्हणता आलं असतं. पण वाक्य अंधत्व नाहीसं करण्याचं होतं. म्हणून त्यांनी रुग्णांना न्यायला-आणायला बस लावली, राहायची-जेवायची सोय केली. डोळ्यांच्या दवाखान्याने बस का चालवायची, याचं उत्तर त्या वाक्यात होतं.

पुढची अडचण भिंगाची. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात बसवायचं कृत्रिम भिंग त्या काळी परदेशातून यायचं आणि त्याची किंमत शंभर डॉलरच्या घरात होती. १९९२ साली त्यांनी ऑरोलॅब नावाने स्वतःचा कारखाना काढला आणि ती किंमत दहा डॉलरपर्यंत आणि पुढे त्याहूनही खाली आणली. त्याच सुमारास त्यांनी इतर रुग्णालयांना आपली पद्धत शिकवणारी संस्थाही उभी केली. हे वाचून मी थांबले होते. कुठली कंपनी आपलं गुपित प्रतिस्पर्ध्याला शिकवते? पण त्यांचं वाक्य "अरविंद मोठं करायचं" असं नव्हतंच. दुसऱ्या कुणी अंधत्व घालवलं तरी ते त्यांच्याच कामात जमा होतं. डॉ. वेंकटस्वामी २००६ साली गेले. संस्था थांबली नाही. कारण वाक्य त्यांच्या खुर्चीत बसलेलं नव्हतं, सगळ्यांच्या हातात होतं.

आपल्याकडेही असं वाक्य आहे आणि आपण त्यात बसून शाळेत आलोय. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. "रस्ता तिथे एसटी" हे शब्द आपण लहानपणापासून ऐकले. फायदा तिथे एसटी, असं कुणी म्हटलं नाही. म्हणून ज्या वाडीवरून शाळेच्या चार मुली चढायच्या, त्या वाडीलाही गाडी जात होती. संध्याकाळच्या गाडीचे कंडक्टर, "मास्तरांनी जादा तास घेतलाय वाटतं," म्हणत दोन मिनिटं थांबायचे. त्या दोन मिनिटांचा हुकूम कुठल्या परिपत्रकात नसेल. आपली गाडी कुणासाठी आहे, हे त्यांना ठाऊक होतं.

आता मूळ मुद्द्यावर येते.

मी आठवीत असताना दिवाळीनंतर वडिलांचा पाय मोडला. आई दुसऱ्यांच्या शेतावर जायला लागली आणि तीन वर्षांच्या भावाला सांभाळायला मला घरी ठेवलं. घरात कुणी दुष्ट नव्हतं. दुसरा इलाजच नव्हता. मी चार दिवस शाळेत आले नाही. हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं असेल? घंटा वाजवणाऱ्या शिपाईकाकांच्या. हजेरीचे कागद वर्गावर्गातून कार्यालयात नेताना ते नावं वाचायचे. त्यांनी वर्गशिक्षिका बाईंना सांगितलं, "वाडीवरची ती पोरगी चार दिवस नाही." पाचव्या दिवशी बाई आमच्या दारात. त्यांनी आईला उपदेश केला नाही. एवढंच म्हणाल्या, "धाकट्याला घेऊन येऊ दे तिला."

आणि मग दोन महिने माझा भाऊ आठवीत बसला. तुमच्यापैकी अर्ध्या जणांनी त्याला चिंचा खाऊ घातल्यात. तो शेवटच्या बाकावर दप्तरावर डोकं ठेवून झोपायचा आणि भूमितीच्या तासाला नेमका रडायचा. गणिताचे सर प्रमेय थांबवून म्हणायचे, "त्याला आधी बाहेर फिरवून आण, त्रिकोण कुठे जात नाही."

मोठी झाल्यावर एकदा मी बाईंना विचारलं, "तुम्हाला हे करायला कुणी सांगितलं होतं?" त्या म्हणाल्या, "सांगायचं काय त्यात? मुख्याध्यापक शिक्षकांच्या प्रत्येक बैठकीत एकच गोष्ट विचारायचे. कोण येत नाही आणि का? म्हणायचे, मूल नापास झालं तर पुन्हा शिकवता येतं, शाळाच सोडली तर कुणाला शिकवणार?"

बघा, हे होतं आपल्या शाळेचं खरं ध्येयवाक्य: इथे आलेलं एकही मूल दहावीआधी शाळा सोडणार नाही. भिंतीवर दुसरंच लिहिलेलं होतं. हे वाक्य कुठेच लिहिलेलं नव्हतं, पण शिपाईकाकांना ते माहीत होतं, बाईंना माहीत होतं, दहावीच्या फॉर्मचे पैसे "नंतर दे" म्हणून भरून घेणाऱ्या कार्यालयातल्या भाऊंना माहीत होतं. म्हणून कुणी कुणाला न विचारता आपापला वाटा उचलला. मी आज तुमच्यासमोर उभी आहे ती त्या वाक्यामुळे. या सभागृहात मी एकटीच तशी नाही, हेही मला माहीत आहे. नावं घेत नाही.

पण न लिहिलेल्या वाक्याचा एक धोका असतो. माणूस निवृत्त झाला की ते त्याच्याबरोबर घरी जातं.

या जुलैत मी शाळेत गेले होते, खरं तर संगणक कक्षासाठी खोली मोजायला. सहज म्हणून हजेरीपट पाहिले. दोन वर्षांपूर्वी आठवीत जितकी नावं होती, त्यापेक्षा यंदाच्या दहावीत अकरा कमी आहेत. सात जणांचे दाखले दुसऱ्या शाळांत गेलेत. उरलेल्या चौघांचं काय झालं, हे विचारल्यावर शिक्षक एकमेकांकडे पाहू लागले. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्यामागे ऑनलाइन माहिती भरण्याची, सर्वेक्षणाची, कसली कसली कामं आहेत. शिपायाची जागा रिकामी आहे. हजेरी आता मोबाइलवर भरली जाते आणि वर्गावर्गातून कागद नेता नेता नावं वाचणारं कुणी उरलेलं नाही. मी खोली न मोजताच परत आले. सॉफ्टवेअरवाली असून सांगते, त्या चौघांपर्यंत पोचायला माझे वीस संगणक उपयोगाचे नव्हते.

म्हणून माझी आज एक विनंती आहे. आपल्या माजी विद्यार्थी संघाने निधी कुठे खर्च करायचा, यावर आज मतदान करू नये. आधी एक वाक्य ठरवावं. मी सुचवते ते असं: "आपल्या शाळेत आलेलं एकही मूल दहावीआधी शाळा सोडणार नाही." यापेक्षा चांगलं कुणाला सुचलं तर जरूर मांडा, शब्द बदला. फक्त ते असं असू द्या की शाळेतल्या नव्या शिपायालाही पाठ न करता सांगता येईल, आणि त्याच्याकडे बघून आपल्याला काही गोष्टींना "नाही" म्हणता येईल. ज्या वाक्यात सगळंच बसतं, ते वाक्य काहीच ठरवत नाही.

हे वाक्य मान्य झालं तर कमानीचं काय? कमान वाईट नाही, पण या वाक्यात बसत नाही. माझा संगणक कक्षही आज बसत नाही. मी तो मागे घेते. बसतं काय? महिन्याला काही मानधनावर गावातलीच एखादी ताई, जिचं काम फक्त एक: तीन दिवस न आलेल्या मुलाच्या घरी जायचं आणि का, ते विचारून यायचं. मग त्या "का" प्रमाणे पुढचं. कुणाला सायकल लागेल, कुणाला चष्मा, कुणाच्या धाकट्या भावाला बसायला एक बाक. कुणाच्या वडिलांशी बोलायला आपल्यातलाच कुणीतरी, जो त्याच वाडीवरून शिकून पुढे गेला. पैसे कमी आणि माणसं जास्त लागतील, आणि माणसं आपल्याकडे आहेत. ग्रुपवर सहाशे मेसेज टाकणाऱ्यांकडे वेळ नाही, असं मला तरी कुणी सांगू नये.

एक वाक्य लिहिलं म्हणून सगळं होईल, असा माझा भाबडा समज नाही. वाक्य मूल परत आणत नाही, दारात जाणारी माणसं आणतात. पण सगळ्यांच्या मनात एकच वाक्य असलं की घंटा वाजवणाऱ्यालाही कळतं की चार दिवस न दिसलेलं नाव ही आपली जबाबदारी आहे.

त्या चार मुलांची नावं मी हजेरीपटावरून लिहून आणली आहेत. ती स्मरणिकेत छापायची नाहीत, ग्रुपवरही टाकायची नाहीत. कागद माझ्या पर्समध्ये आहे. चहाच्या वेळी ज्यांना उद्या सकाळी माझ्याबरोबर यायचं असेल, त्यांनी मला भेटावं. दोन घरं चालत जाण्यासारखी आहेत, दोन वाडीवर. वाडीची एसटी आता सकाळी एकच आहे.

शिपाईकाका आज आपल्यात नाहीत. बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, मी आले आहे. हजेरी लावा.